बी ग्रुप घेण्याआधी

दहावीचा निकाल लागला की खामगाव असो, चिखली असो की मेहकर, बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही ज्युनिअर कॉलेजच्या खिडकीपाशी एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘गणित काढून टाका सर, पोट्ट्याले डॉक्टर बनवाचं हाय.’ त्याच्या पाठोपाठ, जरा हळू आवाजात, दुसरं येतं: रोज कॉलेजला यावंच लागते का? अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवण्यात ज्याची हयात गेली त्याला ही दोन्ही वाक्यं पाठ होतात. पुढच्या दोन वर्षांचा अख्खा बेत त्यांत आलेला असतो. कॉलेज नावापुरतं, क्लास खरा. गणित बाद, बायोलॉजी मुख्य. हा बेत इतका रुळला आहे की त्याची कुणी आकडेमोड करून बघत नाही. ती केली तर उलटंच निघतं, असं माझं मत आहे. डॉक्टर व्हायचं मनात असलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या मुलानं अकरावीला असं कॉलेज निवडावं जिथं तास होतात आणि प्रयोगशाळेचं कुलूप उघडतं, शक्यतो घरून एसटीनं जाता येईल असं. आणि दहावीला गणित बरं असेल तर ते सोडू नये. यानं नीटची संधी कमी होत नाही. आणि ज्यांना एमबीबीएस मिळणार नाही त्यांची, म्हणजे बहुतेकांची, दोन वर्षं फुकट जात नाहीत.

‘बहुतेकांची’ हा शब्द पालकांना खटकतो, म्हणून आधी हिशेब मांडतो. २०२४ची नीट २३ लाखांहून अधिक मुलांनी दिली. देशातल्या एमबीबीएसच्या जागा त्या वर्षी सगळ्या मिळून १ लाख १८ हजारांच्या आसपास, त्यांत सरकारी निम्म्याहून थोड्या जास्त. म्हणजे वीस मुलांमागे एक जागा. आणि शेतकऱ्याला, शिक्षकाला, किराणा दुकानदाराला परवडेल अशी सरकारी जागा चाळिसांमागे एक. महाराष्ट्रात त्या वर्षी अडीच लाखांवर मुलं नीटला बसली, जागा खासगी आणि अभिमत धरून बारा हजारांच्या आत होत्या. त्या वर्षी १३ लाखांहून अधिक मुलं ‘क्वालिफाय’ झाली हेही खरं. त्या शब्दावर आपल्याकडे पेढे वाटले जातात, चौकात फ्लेक्स लागतो. पण क्वालिफाय होणं म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी मिळणं. जागा रांगेतल्या नंबरावर मिळते. हे आकडे कुणाची उमेद खचवायला सांगत नाही. ज्या परीक्षेत चाळिसांतल्या एकोणचाळिसांना सरकारी जागा मिळत नाही, तिची तयारी करताना त्या एकोणचाळिसांचं काय, हा प्रश्न निकालानंतर विचारायचा नसतो, अकरावीचा फॉर्म भरताना विचारायचा असतो, एवढंच म्हणणं आहे.

हा निर्णय पंधराव्या-सोळाव्या वर्षी घ्यावा लागतो ही तशी अलीकडची गोष्ट आहे. दहा अधिक दोनची पद्धत येण्यापूर्वी मॅट्रिकनंतर कॉलेजात जायचं, इंटर सायन्सला ए ग्रुप (गणिताचा) की बी ग्रुप (जीवशास्त्राचा) ते ठरायचं, आणि इंटरच्या गुणांवर मेडिकलचा दरवाजा उघडायचा किंवा बंद व्हायचा. ‘बी ग्रुप’ हा शब्द आपल्याकडे तेव्हापासून टिकून आहे. त्या मुलाला कॉलेजची थोडी हवा लागलेली असायची. अमेरिकेत हा निर्णय आणखी पुढे जातो. तिथं आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची परीक्षा, मग मेडिकल स्कूल. पदवी कुठल्या विषयात घ्यावी याचं बंधन नाही. रसायन, जीवशास्त्र असे काही ठरावीक विषय शिकलेले असले म्हणजे झालं. बहुतेक मुलं जीवशास्त्रच घेतात, पण इतिहास किंवा साहित्य घेऊन आलेल्यांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण त्यांच्याहून कमी नसतं, असं तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेचे आकडे सांगतात. तिकडच्या मराठी घरांतही मेजर, म्हणजे मुख्य विषय, कुठला घ्यावा यावर जेवणाच्या टेबलावर वाद होतातच. फरक असा, की तिकडे डॉक्टरकी हुकली तरी पदवी हातात असते. आपल्याकडे बारावीनंतर हातात जे उरतं ते त्या दोन वर्षांत मूल खरोखर काय शिकलं यावर ठरतं. म्हणून आपल्याला तो वाद जास्त नीट घालायला हवा.

आता सध्याचा बेत बघू. आपल्या मुलांच्या वाटा ठरलेल्या आहेत: घाटाखालची बहुतेक अकोल्याला, घाटावरची काही छत्रपती संभाजीनगरला, हिंमत आणि पैसा असलेली लातूर, नांदेड किंवा थेट राजस्थानातल्या कोट्याला. कोट्याला गेलेलं मूल तिथल्या शाळेतून बारावी करत नाही, करू शकत नाही. महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यातून जागा हवी तर रहिवास दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावं लागतं. त्याला अपवाद मोजके. जळगाव जामोद किंवा संग्रामपूरच्या पालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावं, कारण बऱ्हाणपूर जवळ वाटतं आणि तिथं मध्य प्रदेशाचा कारभार सुरू होतो. मग मूल कोटा शहरात, नाव आपल्याकडच्या एखाद्या कॉलेजात, आणि हजेरी कागदावर. अकोल्याला गेलेल्यांचंही बऱ्याचदा तेच होतं, फक्त अंतर कमी. राज्य सरकारनं २०१८ मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो या प्रकाराला आळा घालायलाच. केंद्रानं जानेवारी २०२४ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासनं प्रवेश देऊ नये अशी सूचना काढली. दोन्हींचा वचक किती राहिला ते तालुक्याच्या बसस्टँडवर सकाळी उभं राहिलं की दिसतं.

लातूरचं नाव घेऊन या बेताचं समर्थन करणारे एक गोष्ट विसरतात. लातूर पॅटर्नची कीर्ती झाली ती बोर्डाच्या गुणवत्ता यादीच्या जमान्यात, आणि ती राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या कॉलेजांमुळे झाली. जादा तास, सराव परीक्षा, तपासलेले पेपर पोरांच्या हातात परत देणं, हे सगळं कॉलेजच्या आवारात, कॉलेजच्याच प्राध्यापकांकडून. म्हणजे ज्याच्या नावानं आज कॉलेज टाळलं जातं तो मुळात कॉलेजचा पॅटर्न होता. आणि तेव्हा विदर्भातल्या मुलाला लातूरला जाण्याची किंमतही मोजावी लागायची. २०२० पर्यंत राज्यातल्या वैद्यकीय जागांना ७०:३० चं प्रादेशिक सूत्र होतं. ७० टक्के जागा त्या त्या विभागातून बारावी झालेल्यांना. लातूरहून बारावी केली की आपलं मूल मराठवाड्यात मोजलं जायचं. सप्टेंबर २०२० मध्ये ते सूत्र रद्द झालं आणि हा अडसर गेला. बाहेर जाणं सोपं झालं, पण विदर्भातल्या कॉलेजांतल्या जागांवरचा आपला विशेष हक्कही त्याच दिवशी गेला.

क्लासमध्ये नीटची तयारी होते, कॉलेजात बोर्डाची, असं दोन कप्प्यांत शिक्षण वाटून टाकणाऱ्यांनी नीटचा सध्याचा अभ्यासक्रम एकदा उघडून बघावा. २०२४ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात भौतिकशास्त्राचं शेवटचं प्रकरण प्रायोगिक कौशल्यांचं आहे. व्हर्निअर कॅलिपर, स्क्रू गेज, साधा लंबक, मीटर ब्रिज, रेझोनन्स ट्यूब, डायोडचे आलेख. रसायनशास्त्रातही प्रात्यक्षिकांमागच्या तत्त्वांचं स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या मुलानं व्हर्निअर हातात धरून शून्याची त्रुटी काढली, त्याला त्या प्रश्नावर विचार करावा लागत नाही. ज्यानं ते फळ्यावरच्या चित्रात पाहिलं त्याला ते पाठ करावं लागतं, आणि पाठ केलेलं परीक्षेच्या दालनात दगा देतं. बोर्डाच्या परीक्षेत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाला असतात. नावापुरत्या कॉलेजात ते गुण न शिकता पदरात पडतात, आणि त्या उदारपणाची किंमत मूल मे महिन्यात मोजतं. नीटच्या ७२० गुणांपैकी निम्मे, ३६०, जीवशास्त्राचे. तरी इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून दिसतं ते असं की आमची मुलं जीवशास्त्रात पडत नाहीत. ती वाचून वाचून ते पक्कं करतात. ती अडकतात भौतिकशास्त्रात.

अडकण्याचं आणखी एक कारण भाषेचं आहे, आणि त्याबद्दल मोकळेपणानं बोललं जात नाही. दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी इंग्रजीत शिकलेलं मूल अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकावर येतं. नीट २०१७ पासून मराठीतही देता येते, पण पुस्तकं, नोट्स, सराव पेपर इंग्रजीत असतात, त्यामुळे मराठीचा पर्याय निवडणारे थोडेच. अकरावीचे पहिले चार-पाच महिने या मुलाला विषयाइतकीच वाक्यं समजून घ्यावी लागतात. त्याला थांबून, मराठीत एकदा आणि इंग्रजीत एकदा सांगणारं माणूस हवं असतं. दोनशे मुलांच्या क्लासमध्ये ते शक्य नाही. तिथला वेग आधीच इंग्रजीत तरबेज असलेल्यांच्या मापाचा असतो. मोठ्या शहरातल्या क्लासच्या पहिल्या काही महिन्यांत ‘आपल्याला जमत नाही’ असं ठरवून टाकणाऱ्या मुलांमध्ये जी हुशार मुलं असतात, त्यांतल्या बऱ्याच जणांची अडचण बुद्धीची नसते.

आता गणित. नीटला गणित नाही, मेडिकलला गणित लागत नाही, मग कशाला ओझं, असा सरळ प्रश्न असतो. त्याचं पहिलं उत्तर बोर्डाच्या विषयरचनेतच आहे. इंग्रजी, एक दुसरी भाषा किंवा आयटीसारखा पर्याय, आणि त्याखेरीज चार विषय घ्यावेच लागतात. गणित काढलं तर त्याच्या जागी भूगोल येतो, किंवा दोन विषय मिळून द्विलक्षीचा दोनशे गुणांचा विषय येतो. म्हणजे वेळ वाचतो तो पालकांना वाटतो तितका नाही. दुसरं, अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात अगदी सुरुवातीलाच ‘मॅथेमॅटिकल मेथड्स’चं प्रकरण आहे, सदिश आणि कलनाची तोंडओळख करून देणारं. तिथून पुढे प्रत्येक प्रकरणात त्याच गोष्टी येतात. गणित घेतलेल्याला ते दोनदा शिकायला मिळतं. सोडलेल्याला भौतिकच्या सरांनी दोन तासांत उरकलेलं पुरतं, किंवा पुरत नाही. आणि तिसरं, मला सगळ्यात वजनदार वाटणारं: गणित सोडलं की अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, संख्याशास्त्र, एनडीएतली हवाई दल आणि नौदलाची वाट, हे सगळं एका सहीनं बंद होतं. शेगावचं संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आपल्याच जिल्ह्यात उभं आहे. बी ग्रुपच्या मुलाला त्याचं फाटक बंद. उलट दिशेनं मात्र आता थोडी फट आहे. बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून घेऊन उत्तीर्ण झालेल्यांनाही नीट देता येईल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं.

यावर आक्षेप येतो की गणितात पोरगं ढिलं पडलं तर टक्के कमी होतील. होऊ द्या. बारावीच्या टक्क्यांवर मेडिकलची यादी लागायची तो काळ गेला. आता बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटांना ४० टक्के लागतात. यादी नीटच्या गुणांवर लागते. गणितात पंचावन्न मिळाले म्हणून कुणाची मेडिकलची जागा जात नाही. एक सूट मात्र द्यायला हवी. दहावीला गणितात जेमतेम तरलेल्या मुलाच्या गळ्यात गणित बांधून त्याला बारावीतच नापास करण्यात शहाणपण नाही. माझं म्हणणं त्या मोठ्या संख्येबद्दल आहे, जी मुलं दहावीला गणितात ऐंशी-नव्वद घेतात आणि केवळ रिवाज म्हणून ते टाकून देतात.

सगळ्यात खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो शिक्षक म्हणून मला झोंबतो. पालक म्हणतात, तालुक्याच्या कॉलेजात शिकवतं कोण? भौतिकची जागा रिकामी, रसायनाला तासिका तत्त्वावरचे सर, तेही दिवाळीनंतर दुसरीकडे लागले. प्रयोगशाळेत उपकरणं आहेत पण कपाटात. हे अनेक ठिकाणी खरं आहे आणि त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. भरती रखडते, विनाअनुदानित तुकड्यांत पगार इतका की माणूस टिकत नाही. पण यातून ‘कॉलेज नकोच’ हा निष्कर्ष निघत नाही. ‘कॉलेज पारखून घ्या’ हा निघतो. जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांत सगळी कॉलेजं सारखी नाहीत. एकाच गावातल्या दोन कॉलेजांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं आणि ते गावाला ठाऊक असतं. मात्र आपण पारख करतो ती निकालाच्या फ्लेक्सवरून. फ्लेक्सवरच्या मुलांनी तिथं किती तास काढले हे त्यावर लिहिलेलं नसतं. पारख तीन प्रश्नांची: भौतिकशास्त्राला पूर्णवेळ माणूस आहे का, आठवड्याला प्रात्यक्षिकाच्या किती पाळ्या लागतात, आणि घटक चाचणीचे पेपर तपासून परत मिळतात का. उत्तरं प्राचार्यांकडून घेऊ नका, बारावीतल्या मुलांकडून घ्या. आणि तालुक्यात असं कॉलेज नसेलच, तर शेजारच्या तालुक्यात मूल ठेवा, अकोल्याला ठेवा. पण जिथं ठेवाल तिथं ते कॉलेजात बसेल असं बघा. क्लास लावायचा तर संध्याकाळचा लावा.

पण मग आमचं मूल मागे नाही का पडणार, कोट्याची पोरं अकरावीपासून दिवसाला सोळा तास करतात? याला तमिळनाडूतून एक उत्तर मिळतं. न्यायमूर्ती ए. के. राजन समितीनं २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार त्या राज्यात एमबीबीएसला प्रवेश मिळालेल्यांत पुन्हा परीक्षा दिलेल्यांचं प्रमाण २०२०-२१ मध्ये सुमारे ७१ टक्के होतं. चार वर्षांपूर्वी ते साडेबारा टक्क्यांच्या आसपास होतं. समितीनं तो आकडा नीटविरुद्धचा पुरावा म्हणून मांडला, आणि गरीब, ग्रामीण मुलांवर होणाऱ्या अन्यायाचा तो पुरावा आहेच. पालकाच्या नजरेनं त्यातून आणखी एक गोष्ट कळते: जागा मिळवणाऱ्यांतही बहुतेकांना बारावीनंतर एक वर्ष द्यावं लागलं. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, आणि वयाची वरची अट आयोगानं २०२२ मध्ये काढून टाकली. मग पैसा आणि ताकद कुठं लावायची? अकोला किंवा लातूरचं एक वर्ष लावायचंच असेल तर ते बारावीनंतर, मूल अठराचं झाल्यावर, पाया पक्का असताना आणि पहिल्या नीटचे गुण समोर असताना लावलेलं बरं. त्या गुणांवरून निदान कळतं तरी की वर्ष लावण्यात अर्थ आहे की नाही.

पैशाचं म्हणाल तर तो हिशेब आपल्याच मालात करू. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात त्या हंगामात तोही मिळणं मुश्कील होतं. हमीभावानं धरलं तरी लाख रुपयांना वीस क्विंटलहून जास्त सोयाबीन लागतं, आणि त्यातून पेरणी, फवारणी, सोंगणी वजा करायची अजून बाकी. क्लास, खोली, मेस मिळून दोन वर्षांचा खर्च लाखांत जातो. कोरडवाहू घराला हे दोन वर्षं सलग झेपत नाही, आणि मग बारावीनंतरच्या ज्या वर्षाचा खरा उपयोग झाला असता त्या वर्षासाठी काही शिल्लक राहत नाही. इतर मागासवर्ग, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेचं नीटचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आहे, टॅब आणि इंटरनेटसह. दहावी होऊन विज्ञान शाखा घेतलेल्यांना अर्ज करता येतो. ते घरी बसून, कॉलेज सांभाळून होतं. आपल्या जिल्ह्यात त्याची माहिती फ्लेक्सवर लागत नाही म्हणून इथं लिहिली.

बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून एक नवा गैरसमज पसरला आहे. २०२४-२५ पासून तिथं १०० जागा आहेत. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या इतर नऊ नव्या सरकारी कॉलेजांबरोबर त्याचं उद्घाटन झालं. जिल्ह्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. आजवर अकोल्याच्या किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या वाटेवर ॲम्ब्युलन्समध्ये किती वेळ जायचा ते इथल्या माणसाला सांगायला नको. पण ‘आता आपल्या पोरांना इथंच लागेल’ हे खरं नाही. १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात, उरलेल्या राज्याच्या यादीतून, आरक्षणानुसार. लोणारच्या मुलाला आणि कोकणातल्या लांज्याच्या मुलाला तिथं सारखाच हक्क. जिल्ह्यातल्या मुलासाठी वेगळी एकही जागा नाही. तेव्हा बुलढाण्यात राहिलं म्हणजे बुलढाण्याच्या मेडिकलला लागेल, या आशेवर कुणी कॉलेज निवडू नये.

खऱ्या कॉलेजाचा एक फायदा मात्र क्लासवाला कधी सांगत नाही. राखीव प्रवर्गातल्या मुलाचा जात पडताळणीचा प्रस्ताव अकरावी-बारावीत कॉलेजच्या मार्फत समितीकडे जातो. वंशावळ, महसुली नोंदी, आजोबांच्या शाळेचा दाखला हे सगळं जमवायला महिने लागतात. कॉलेजचा क्लार्क जागा असेल तर तो अकरावीतच पालकांच्या मागे लागतो. नावापुरत्या कॉलेजात मुलाचा चेहराच कुणाला माहीत नसतो, आणि मग गुण असूनही वैधता प्रमाणपत्रासाठी ऐन प्रवेशफेरीत धावाधाव होते.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. पसंतीक्रम मोबाइलवर भरायचा, तोही मे-जूनमध्ये, जेव्हा कॉलेजात चिटपाखरू नसतं आणि बघण्यासारखं काही उरलेलं नसतं. ज्यांचं मूल यंदा दहावी देणार आहे त्यांनी जानेवारीतच एखाद्या साध्या वारी सकाळी अकराला आपल्या यादीतल्या कॉलेजात जावं. तेव्हा बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर असते, त्यामुळे जानेवारीत भौतिकची प्रयोगशाळा भरलेली दिसायला हवी. ती बंद दिसली, तर ते नाव यादीतून काढा.